हवालदारांना न पोचलेलं वाक्य

रेकॉर्ड वाजून संपली की लोक विचारतात, "कशी वाटली?" बँड हवालदार विचारायचे, "कोण चुकलं?"

सुई आतल्या रेघेत जाऊन खरखरायला लागली की ते एक हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगत, थोडा वेळ डोळे मिटत आणि मग विचारत. पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतात. मी म्हणालो, "हवालदार, छापलेल्या रेकॉर्डमध्ये कोण कशाला चुकेल?" तेव्हा ते म्हणाले, "मन्मथराव, चाळीस मानसं एका वक्ताला फुंकायला बसली आन् कोणच चुकलं न्हाय, असं कुठं असतंय व्हय? रेकॉर्ड झाली म्हणून काय देव आला वाजवायला? मानसंच हायत. चुकलेला हुडका. त्यो घावला की बँड घावला."

त्यांच्याजवळच्या रेकॉर्डी परदेशी होत्या. लेबलावरचं नाव त्यांना वाचता येत नसे, आणि मला वाचता आलं तरी त्यावरून काही कळत नसे. त्यामुळे बँड ओळखायचा तो चुकणाऱ्या माणसावरून, हा त्यांचा साधा हिशेब होता. आज मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि अजून कुठलंही वाद्यवृंदाचं संगीत ऐकताना आधी मागे राहणारा माणूस शोधतो. ही सवय त्यांची. त्यांच्याकडून मी घेतलेल्या गोष्टींपैकी एवढीच एक मी उघडपणे वापरत आलो. बाकीच्यांबद्दल आता सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात ते फौजेतून पेन्शनवर गावी आले. माकणीच्या अलीकडचं आमचं गाव. तेरणा नदीत वाळू तेवढी उरली होती, लोक खडी फोडायला जात होते आणि सरकारी दुकानातून लाल मिलो ज्वारी आणून खात होते. अशा दिवसांत हा माणूस एक लोखंडी पेटी आणि क्लॅरिनेट घेऊन बौद्धवाड्यात राहायला आला. गावाला पाणी हवं होतं, त्यामुळे पेटीत काय आहे हे कुणी विचारलं नाही. पलटणीच्या बँडमध्ये ते वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते एवढं कळलं आणि त्यांचं नाव बँड हवालदार पडलं. आमचे अण्णा त्यांना नुसतं 'बँड' म्हणत. "काय रे बँड, पेन्शन किती मिळती?" हवालदार अण्णांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, गावच्या सोसायटीचे चेअरमन. मी त्याच सोसायटीचा सचिव. कचेरी आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत होती. मधे एक भिंत. भिंतीच्या पलीकडे आमचं परसू, अलीकडे खताची पोती, बियाण्याची पोती, माझं टेबल आणि एक मुका रेकॉर्ड प्लेअर. सहकाराच्या प्रचारासाठी तो जिल्ह्याहून आला होता, कर्ण्यासकट. एक भाषणाची रेकॉर्ड आणि एक आरतीची. दोन सभा झाल्या आणि तो बंद पडला.

हवालदार बियाण्यासाठी आले होते. रांगेत उभे असताना त्यांची नजर त्याच्यावर गेली. "हे का गप हाय?" म्हणून त्यांनी तबकडी ठेवायची थाळी उचलली, आत बघितलं आणि म्हणाले, "पट्टा तुटलाय याचा. सायकलीची जुनी ट्यूब हाय का?" ट्यूब आडवी कापून त्यांनी एक रबराची कडी काढली, आत बसवली, थाळी फिरायला लागली. मग आरती लावून बघितली आणि हात वर करून थांबले. आरती संपल्यावर म्हणाले, "झांजवाला चुकला." आणि मग, "दुसरं काय हाय वाजवायला?" मी म्हणालो, भाषण आहे. ते हसले. "भाषनात कोण चुकलं ते सांगायला म्हागात पडंल."

दुसऱ्या दिवशी फौजी टॉवेलात गुंडाळून त्यांनी पहिली रेकॉर्ड आणली. सोसायटीला नाही, मला. भेट.

ती देताना त्यांनी रीत सांगितली. मिसराकडच्या, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात, दोन देशांच्या मधे शांतता राखायला सात-आठ मुलखांच्या फौजा शेजारी शेजारी राहत होत्या आणि बहुतेकींजवळ आपापला बँड होता. घरी परतायची वेळ आली की बँडवाले एकमेकांना आपल्या देशातली रेकॉर्ड भेट देत. घेणाऱ्यानं ती घरी न्यायची, घरच्यांना ऐकवायची आणि घरातलं कोण काय म्हणालं ते देणाऱ्याला पत्रानं कळवायचं. ते कळेपर्यंत भेट पुरी झाली असं धरायचं नाही. हवालदारांच्या पेटीत अशा पत्रांचा गठ्ठा होता. स्वीडनच्या लारसन नावाच्या एका बँडवाल्याला त्यांनी सनईची रेकॉर्ड दिली होती. त्याच्या मावशीनं ती ऐकून विचारलं होतं, ही बाई इतकी का रडतेय आणि तिला कुणी समजावत का नाही? हे सांगताना हवालदारांना हसू आवरायचं नाही. मग ते सहज म्हणाले, "माझ्या रेकॉर्डी सात मुलखांत घरात गेल्या, मन्मथराव. हितं गावात एकाबी घरात न्हाय गेली. तुमची पयली. आईसाहेब काय म्हनल्या ते मला सांगायचं बरं का."

मी रेकॉर्ड घेऊन घराच्या पुढच्या बाजूला आलो. अण्णा ओट्यावर बसले होते.

"काय आणलंस?"

"रेकॉर्ड."

"कुणाची?"

"सोसायटीची."

"मग सोसायटीत ठेव की. घरात कशाला?"

झालं. अण्णांनी मला अडवलं असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. अण्णांनी अडवलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोललो. खरं बोललो असतो तर त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं आणि तेवढं सोसायची माझी तयारी नव्हती. आमचं घर लिंगायत, चार माणसांत मान असलेलं. वार्षिक सभेत अण्णा सांगत की सहकारात उच्च-नीच नसतं, आणि सभासद टाळ्या वाजवत. त्यात हवालदारही असत. मागे उभे.

रेकॉर्ड मी कचेरीत आणून खताच्या पोत्यांमागे ठेवली. दिवसाचं काम आटोपलं आणि वीज असली की संध्याकाळी लावून ऐकायला लागलो. आधी काहीच कळेना. मला माहीत होती ती सिनेमाची गाणी, भजन, हलगी आणि लग्नातला बँड. हे कानावर आलं ते स्वयंपाकघरात कुणी भांड्यांची चळत पाडावी तसं. पण पडणारी भांडी सुरात कशी पडतील? चौथ्या दिवशी त्यात एक चाल दिसायला लागली. आठव्या दिवशी मी टेबलावर बोटं वाजवत होतो.

हवालदार आले. "काय म्हनल्या आईसाहेब?"

मी म्हणालो, "म्हणाली, भांडी घासल्यागत वाजतंय, पण गोड वाजतंय."

हे वाक्य मी उभ्या उभ्या बनवलं होतं. हवालदार इतके हसले की डोळे पुसायला लागले. "बराबर! बराबर वळखलं! अवो, ती भांडीच हायत. तेलाची रिकामी पिंपं कापून त्येची भांडी करत्यात तिकडं बेटावरचे लोक. न बघता वळखलं म्हातारीनं!" त्यांनी लगेच मला कागद घ्यायला लावला. इंग्रजी पत्र लिहिण्यापुरतं मला येत होतं, त्यांना येत नव्हतं. कॅनडाच्या बँडमधल्या, मूळच्या त्याच बेटावरच्या ज्या माणसानं ती रेकॉर्ड दिली होती त्याला, माझ्या हातानं, माझं खोटं गेलं.

त्या बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं पिंपवाले. पुढे कधी एखाद्या सणाला, कधी नुसत्याच एखाद्या बुधवारी, एकेक बँड येत गेला. खाणवाले आले, दिवसभर कोळशात काम करून संध्याकाळी पितळ फुंकणारे. त्यांचा सूर असा जाड आणि मऊ होता की जणू भाकरीवर लोणी पसरावं. युगोस्लावियाचे लग्नवाले आले. त्यांना हवालदार आपल्या हलगीवाल्यांचे सोयरे म्हणत. "ह्येंच्यात आन् आपल्यात येवढाच फरक, ह्येंला नवरदेवाच्या बापानं आत बसवून जेवू घातलेलं असतंय. ऐका, पोट भरलेला मानूस वाजवतोय." ब्राझीलचे ढोलवाले आले. बर्फवाले आले, लारसनच्या मुलखातले, एकाच सुरावर इतका वेळ थांबणारे की मला वाटे प्लेअर अडकला. दुष्काळात धुळीनं भरलेल्या त्या खोलीत, युरियाच्या वासात, मी बर्फ ऐकला.

एक रेकॉर्ड टपालाच्या गाडीत उन्हानं वाकून आली. लाखेच्या जुन्या तबकड्या पडल्या की फुटायच्या, ह्या नव्या फुटत नसत, वाकत. सुई वर-खाली होई आणि सगळा बँड बैलगाडीत बसून नांगरटीतून चालल्यासारखा वाजे. मी टाकून द्यायला निघालो. हवालदारांनी ती दोन काचांमधे ठेवली, वर ज्वारीचं पोतं टाकलं आणि महिनाभर तिकडे बघितलं नाही. "वाकलेलं लगी सरळ करू नये," म्हणाले. "वजन ठिवावं आन् इसरून जावं." ती बरीच सरळ झाली. अजून एका ठिकाणी थोडं नांगरटीतून जाते.

प्रत्येक रेकॉर्डला मी आईचं एक वाक्य बनवत होतो. मला ते जमायला लागलं होतं. खाणवाल्यांना आई म्हणाली, 'ही माणसं दमलेली आहेत.' बर्फवाल्यांना म्हणाली, 'याला सांग, पुढचं पाऊल टाक बाबा, पडत नाहीस.' हवालदार ती वाक्यं तोंडपाठ करत. एखादी रेकॉर्ड निवडताना म्हणत, "ही आईसाहेबांस्नी न्हाय आवडायची, लई आरडत्यात. ही घ्या." ज्या घरात मी रेकॉर्ड नेलीच नव्हती, त्या घरातल्या बाईसाठी हा माणूस पेटीतून रेकॉर्डी निवडत होता. मला लाज वाटत होती का? वाटत होती. पण पुढचा नवा बँड ऐकायला मिळणार असे आणि लाज मागे पडे.

मी त्यांच्या घरी फार तर सात-आठ वेळा गेलो असेन, तेही पत्रं लिहायला. त्यांच्या मंडळी चहा टाकायला उठत आणि मी म्हणे, "नको, आत्ताच झाला." तीन वेळा त्यांनी ऐकून घेतलं. चौथ्या वेळी बायकोला म्हणाले, "बस ग. मन्मथरावांचा चहा कायम आत्ताच झालेला असतोय." बोलणं हसत हसतच होतं. मीही हसलो. त्यानंतर त्या घरात चहा कधी पुढे आला नाही.

दहावी रेकॉर्ड त्यांच्या पलटणीची होती. कुठल्याशा समारंभात तिकडेच, वाळवंटातल्या तळावर काढलेली. ती देताना ते पहिल्यांदाच थोडे अवघडले. "ह्यात मी हाय," म्हणाले. "आन् एका जागी चुकलोय. आमच्या बँडमास्तरालाबी न्हाय घावलं. बघा, तुमाला घावतंय का."

मी दोन-तीन महिने शोधलं. एकदा सांगितलं, पहिल्या बाजूला सुरुवातीला कुणीतरी चिरकतो. ते म्हणाले, "त्यो फ्रान्सिस. त्यो कायमच चिरकायचा." एकदा म्हणालो, ढोल उशिरा पडतो. "त्यो मुद्दाम हाय." शेवटी मी नाद सोडला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आईसाहेबांस्नी इचारा." मी विचारलं नाही. कसं विचारणार? आणि त्या एका रेकॉर्डला मी आईचं वाक्यही बनवलं नाही. का कुणास ठाऊक, जमलं नाही.

मधल्या काळात पत्रं जात होती, येत होती. लारसनला आईची वाक्यं इतकी आवडली की त्यानं तिचं नाव विचारलं. मी लिहून कळवलं. पाच-सहा महिन्यांनी पुडकं आलं. हवालदारांच्या पत्त्यावर, पण आत पातळ पुठ्ठ्यात बांधलेल्या रेकॉर्डवर निराळी चिठ्ठी चिकटवलेली: आईचं नाव, इंग्रजी अक्षरांत.

नावाची भेट नावाच्या माणसाच्याच हातात द्यायची, मधे कुणी उघडायची नाही, हीही त्यांची रीत. हवालदार मला विचारते तर मी काहीतरी सबब काढली असती. त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, सहा वर्षं ज्या घरात आपले बँड वाजतायत, जिथली म्हातारी आपल्याला नावानं ओळखत असणार, तिथं जायला विचारायचं काय?

रविवारी सकाळी ते आमच्या पुढच्या दाराशी आले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकांची पट्टी, दोन्ही हातांवर ते पुडकं. ओट्यावर अण्णा आणि सोसायटीचे तीन संचालक बसले होते. कारखान्याच्या शेअरचं बोलणं चाललं होतं. मी खांबाला टेकून उभा.

अण्णा म्हणाले, "काय रे बँड? लग्नाला निघालास का?"

संचालक हसले. हवालदारही हसले. "न्हाय जी. आईसाहेबांस्नी भेटायचं हुतं."

"कुणाच्या आईसाहेबांस्नी?"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं, जसं रेकॉर्ड संपल्यावर बघत. आता मी बोलायचं होतं.

मी म्हणालो, "खताचं विचारायला आले असतील, अण्णा. हवालदार, उद्या कचेरीत या. इकडं नाही."

  हवालदारांनी पुडकं छातीशी धरलं आणि अण्णांकडे वळून म्हणाले, "व्हय जी. खतासाठीच आलतो. चुकून हिकडं आलो."

आणि उजवीकडे वळून, फौजेत वळतात तसे, निघून गेले. मला वाचवून गेले. एक संचालक म्हणाला, "पदकं लावून खत न्यायला आला!" अण्णा म्हणाले, "फौजेतनं आल्याली असलीच असत्यात." मी त्यावरही हसलो. हे कुणी पाहिलेलं नसेल, पण मी हसलो.

चार दिवसांनी ते कचेरीत आले. आल्याबरोबर म्हणाले, "साहेब, एक पत्र लिवायचं हुतं." सहा वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं. मी कागद घेतला. ते उभेच राहिले.

"लिवा. लारसन, रेकॉर्ड पोचली. आईसाहेबांनी ऐकली."

मी लिहिलं. पुढचं येईना म्हणून वर बघितलं.

"काय म्हनल्या ते तुमीच लिवा," हवालदार म्हणाले. "तुमाला येतंय ते."

आवाज चढा नव्हता. मी काय करायला हवं होतं हे आता कुणीही सांगेल. मी लिहिलं: संथ भाग आईला फार आवडला. त्यांनी पत्र घेतलं, घडी केली, खिशात घातलं. "लई उपकार झाले," म्हणाले. यानंतर त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं नाही आणि रेकॉर्डही दिली नाही. खत-बियाण्याला येत, चिठ्ठी घेत, जात.

मीही प्लेअर लावणं सोडलं.

वर्ष होत आलं असेल. एका दुपारी आई परसात, कचेरीच्या भिंतीला पाठ लावून, जोंधळे निवडत बसली होती. मी पाणी प्यायला आलो तर म्हणाली, "काय रे मन्मथ, तुझी ती पेटी मोडली व्हय?"

"कुठली पेटी?"

"हापिसातली. वाजतच न्हाय हल्ली. म्या बसती की रोज सांजच्याला हितं. दुष्काळात मिलो निवडत बसायची तवापासनं. ती भांड्याची लई गोड हुती."

मी तांब्या खाली ठेवला. आई सुपातले खडे वेचत बोलतच होती. "आन् ती एक शिपायांची. त्यात एकजन हाय बघ. सगळे म्होरं जात्यात आन् त्यो दम घ्यायला थांबतोय. मग पळत पळत येऊन गाठतोय सगळ्यास्नी. मला लई माया येती त्याची." मग तिनं मान वर केली. "कोन रे त्यो?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

कचेरीत जाऊन मी दार लावून घेतलं आणि दहावी रेकॉर्ड लावली. दुसऱ्या बाजूला, शेवटाच्या जरा अलीकडे, आहे. सगळा बँड चढावर निघालेला असताना एक क्लॅरिनेट गप्प होतं. एका श्वासापुरतं. आणि मग घाईघाईनं, दोन सुरांत चार सूर कोंबत येतं आणि रांगेत उभं राहतं. महिनोन् महिने ते मी ऐकलं होतं आणि मला ऐकू आलं नव्हतं.

कचेरीपासून हवालदारांचं घर विहिरीवरून गेलं तर पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. मी इतकी खोटी वाक्यं नेऊन दिली होती की हे खरं नेलं तरी त्यांना त्यातलंच एक वाटलं असतं, असं कारण मी धरून ठेवलं. ते कारण चांगलं दिसतं, पण खोटं आहे. चूक बरोबर सांगितली असती तर त्यांना क्षणात पटलं असतं, कारण ती त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. मी गेलो नाही कारण जायचं तर आधी त्या रविवारबद्दल बोलावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात ते खताला आले. वाक्य माझ्या तोंडात होतं. शेजारच्या खुर्चीवर अण्णा होते. मी चिठ्ठी फाडून दिली.

नंतर त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि ते धाराशिवला मुलीकडे राहायला गेले. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथंच गेले. मला चार महिन्यांनी कळलं, तेही बाजारात, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं असताना. आई त्याच्या आधीच गेली होती.

निवृत्तीनंतर मीही धाराशिवला आलो. इथल्या संगीतवेड्या तरुणांना माझ्याकडच्या रेकॉर्डींचा पत्ता लागला. त्यांनी कार्यक्रम ठेवला, शाल-श्रीफळ दिलं, आमच्या भागात बसून जगभरचे बँड गोळा करणारा रसिक म्हणून माझं कौतुक केलं. कुणीतरी विचारलं, ह्या मिळवल्या कशा? मी माइकवर सांगितलं, "फौजेतल्या एका स्नेह्यानं दिल्या." टाळ्या झाल्या. आईची म्हणून जी वाक्यं मी तेव्हा बनवली होती, ती मी त्या व्यासपीठावर माझी निरीक्षणं म्हणून सांगितली. घरी आल्यावर शाल खुर्चीवर टाकली आणि मला बसवेना.

म्हणून लिहून ठेवतो. मी एकही रेकॉर्ड गोळा केलेली नाही. त्या दहाही हवालदार धोंडिबा वाघमारे यांनी मला भेट दिल्या. ऐकायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. आणि माझ्या घरात त्यांचा एकही बँड मी नेला नाही. जो पोचला तो भिंतीतून पोचला, माझ्याशिवाय.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीकडे, सुमनताईंकडे गेलो. त्याही आता निवृत्त आहेत. पिशवीत दहा रेकॉर्डी होत्या. त्यांनी चहा विचारला. मी घेतला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा घेतलेला चहा चहासारखाच लागतो. मग मी सगळं सांगितलं, रविवारचंही. शेवटी आईचं वाक्य सांगितलं, जसं होतं तसं, एक शब्द न बदलता.

त्यांनी कपबशा बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "ती रेकॉर्ड काढली त्या दिवशी बाबांना ताप होता. ते आईला सांगायचे, मला आठवतंय." आणि मग, "हे तुम्ही त्यांना सांगायचं होतं. मी ऐकून काय करू?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती परत सरकवली. "भेट दिलेली परत घेत नाहीत आमच्यात." आणि आत जाऊन कपाटातून एक पुडकं घेऊन आल्या. पुठ्ठा पिवळा पडलेला, दोरीची गाठ तशीच. "ही मात्र तुमची आहे. म्हणजे तुमच्या आईची. बाबांनी शेवटपर्यंत कुणाला उघडू दिली नाही. म्हणायचे, नाव दुसऱ्याचं आहे."

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वाजवलीत तर कळवा. घरातलं कोण काय म्हणालं ते." टोमणा होता की बापाची रीत, मला कळलं नाही. विचारायचा हक्क नव्हता.

घरात आता मी एकटाच असतो. पुडकं टेबलावर आहे. निवृत्त होताना सोसायटीकडून विकत घेतलेला तो प्लेअर चालू स्थितीत आहे, सायकलच्या ट्यूबचा पट्टा मी दोनदा बदलला, त्यांनी कापला होता तसाच कापून. चिठ्ठीवर आईचं नाव आहे, माझ्याच पत्रातून बघून कुणीतरी जपून उतरवलेलं. आतला बँड कुठला, कोण वाजवतंय, त्यात कोण चुकलंय, मला माहीत नाही. ह्या रेकॉर्डमधला संथ भाग आईला फार आवडला, असं मी लिहून दिलेलं आहे. तिच्यात संथ भाग आहे का, हे बघायचा मला अजून धीर झालेला नाही.